निद्रिस्त विषाणूचा शोध: एचआयव्ही औषधांनाही पुरून का उरतो?

१/ जुलै १९९६, कॅनडातील व्हँकूव्हर. आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत एकच वार्ता सर्वांच्या तोंडी होती: तीन औषधे एकत्र दिल्यास रुग्णाच्या रक्तातला एचआयव्ही चाचणीत दिसेनासा होतो. पंधरा वर्षांच्या मृत्युसत्रानंतर हा रोग समूळ बरा होईल, अशी आशा प्रथमच निर्माण झाली. त्या आशेचे पुढे काय झाले?

२/ थोडे मागे जाऊ. जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद झाली. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या चमूने विषाणू शोधला. १९८७ मध्ये एझेडटी हे पहिले औषध आले. परंतु एकट्या औषधाला विषाणू लवकरच दाद देईनासा होई.

३/ तीन औषधांच्या माऱ्याने मात्र तो हटला. १९९७ मध्ये अ‍ॅलन पेरेलसन, डेव्हिड हो आणि सहकाऱ्यांनी गणित मांडले: उपचार अखंड राहिल्यास ज्ञात साठ्यांतील विषाणू दोन-तीन वर्षांत संपेल. अज्ञात साठे असल्यास अधिक काळ लागेल, अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती.

४/ त्याच वर्षी ती पुस्ती खरी ठरली. रॉबर्ट सिलिसियानो, डग्लस रिचमन आणि अँथनी फाउची यांच्या तीन गटांनी, रक्तात विषाणू न आढळणाऱ्या रुग्णांच्या विश्रांत सीडी४ पेशी प्रयोगशाळेत चेतवल्या. त्यांतून संसर्गक्षम विषाणू पुन्हा बाहेर पडला!

५/ हे घडते कसे? एचआयव्ही पेशीत शिरून स्वतःची डीएनए प्रत बनवतो आणि ती पेशीच्याच डीएनएत सांधतो. लढणाऱ्या बहुतेक बाधित पेशी मरतात. काही मात्र लढाई संपताच ‘स्मृतिपेशी’ होऊन विसावतात. पेशी विसावली की तिच्यातील विषाणूही निपचित पडतो.

६/ औषधे विषाणूची नवी पिढी रोखतात. निपचित विषाणूवर त्यांची मात्रा चालत नाही. रोगप्रतिकारशक्तीलाही ती पेशी निरोगीच भासते. ज्या दीर्घायुषी स्मृतीमुळे लस वर्षानुवर्षे आपले रक्षण करते, तिच्याच आश्रयाला हा शत्रू राहतो.

७/ अशा पेशी अत्यल्प: दहा लाख विश्रांत सीडी४ पेशींत सुमारे एक. पण १९९९ मध्ये सिलिसियानो यांच्या गटाने हिशेब दिला: हा साठा निम्मा होण्यास सुमारे ४४ महिने, तर संपण्यास ६० वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणजेच औषध आजन्म!

८/ आजन्म औषध परवडणार कुणाला? पाश्चात्त्य देशांत वर्षाचा खर्च १०,००० डॉलरच्या वर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ला तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत उपचार सुरू केले.

९/ दरम्यान नवी युक्ती पुढे आली: विषाणूला आधी उठवा, मग मारा. २०१२ मध्ये अमेरिकेत डेव्हिड मार्गोलिस यांच्या चमूने व्होरिनोस्टॅट हे कर्करोगावरील औषध आठ रुग्णांना दिले. विश्रांत पेशींतील विषाणू जागा झाल्याच्या खुणा दिसल्या. साठा मात्र घटला नाही. ब्रिटनमध्ये ६० जणांवरील ‘रिव्हर’ चाचणीत लसही जोडली गेली. २०२० मध्ये निष्कर्ष आला: साठ्यात फरक नाही. उठवणे जमले, मारणे जमले नाही.

१०/ काही संशोधक आता विषाणूला कायमचे निजवून ठेवण्याचा मार्ग शोधत आहेत. टिमोथी रे ब्राउन हे २००७ मधील मूलपेशी प्रत्यारोपणानंतर एचआयव्हीमुक्त झाले. पण ते रक्ताच्या कर्करोगावरील जोखमीचे उपचार होते. कोट्यवधींना ते देता येणार नाहीत.

११/ नियमित औषध घेणारी व्यक्ती आज दीर्घ आयुष्य जगते. रक्तात विषाणू सातत्याने न आढळल्यास लैंगिक संबंधांतून तो इतरांना देतही नाही. मात्र औषध थांबले, की बहुधा काही आठवड्यांतच तो परततो. व्हँकूव्हरच्या आशेचा हा उरलेला अर्धा भाग अजून पूर्ण व्हायचा आहे.