सुटलेल्या युद्धकैद्यांचें आयुष्य

ता. १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें आणि दोस्त राष्ट्रांचे हजारों शिपाई जपानच्या हातीं सांपडले. पुढें सयाम व ब्रह्मदेश यांना जोडणारा सुमारें ४१५ किलोमीटरांचा लोहमार्ग बांधण्यास ६० हजारांहून अधिक युद्धकैदी जुंपले गेले. १९४३ च्या आक्टोबरांत तो पुरा झाला, तोंवर व त्यानंतर मिळून १२ हजारांवर कैदी दगावले. उरलेले १९४५ सालीं सुटले. युद्धाचे इतिहास बहुधा येथें थांबतात. शिपायाच्या शरीराचा इतिहास मात्र थांबत नाहीं.

शिपायाचें आयुर्मान मोजणें दिसतें तितकें सोपें नव्हे. फौजेंत भरती होते ती निवडक, निरोगी तरुणांची. त्यामुळें सामान्य जनतेशीं तुलना केली, तर माजी शिपाई पुष्कळदां अधिक जगलेलेच आढळतात, आणि युद्धानें कांहींच बिघडलें नाहीं असा भ्रम होतो. म्हणून अमेरिकेंत कैद भोगलेल्या शिपायांची तुलना कैद न भोगलेल्या शिपायांशीं करण्यांत आली. तेव्हां खरें चित्र दिसलें. जपानी कैदेंतून सुटलेल्यांत पहिल्या कांहीं वर्षांत क्षयानें व अपघातांनीं अधिक मृत्यु झाले. ही तफावत पुढें ओसरत गेली. परंतु दहाएक वर्षांनीं यकृताच्या रोगानें मरणाऱ्यांची संख्या वाढूं लागली.

याहून चमत्कारिक हकीकत एका कृमीची आहे. स्ट्राँगिलॉइडिस नांवाच्या या कृमीच्या अळ्या दूषित चिखलांतून अनवाणी पायांच्या कातडींत शिरतात. लोहमार्गावरील कैद्यांचे बूट केव्हांच फाटले होते. मादी जेमतेम दोन मिलिमीटरांची. ती लहान आंतड्यांत राहते. इतर बहुतेक कृमि वयोमानानें मरून रोगी आपोआप मोकळा होतो. हा कृमि तसा नव्हे. याच्या कांहीं अळ्या बाहेर न पडतां त्याच माणसाच्या शरीरांत पुन्हां शिरतात, आणि पिढ्यांमागून पिढ्या तेथेंच नांदतात. रोग्यास अधूनमधून कंबरेवर, मांड्यांवर सरकणारी तांबडी, खाजरी रेघ दिसे, आणि डॉक्टरकडे पोहोंचेपर्यंत ती नाहींशीही होई!

लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या विद्यालयांत १९६८ ते २००२ या काळांत असे २,०७२ माजी कैदी तपासले गेले. त्यांपैकीं २४८ जणांत, म्हणजे शेंकडा बाराजणांत, हा कृमि आढळला. कित्येकांच्या सुटकेस तीस-चाळीस वर्षें लोटलीं होतीं. ही केवळ खाजेची गोष्ट नव्हती. म्हातारपणीं दमा किंवा सांधेदुखी यांवर स्टिरॉइडचें औषध दिलें, कीं शरीराची प्रतिकारशक्ति दबते; इतकीं वर्षें आवरून धरलेल्या अळ्या मग फुप्फुसांत व इतर इंद्रियांत पसरतात, आणि रोगी पुष्कळदां दगावतो. म्हणून असें औषध देण्यापूर्वीं, तारुण्यांत आपण कोठें होतां, हा प्रश्न वृद्ध शिपायास विचारणें अगत्याचें ठरलें. उत्तर मिळालें, तर कृमीवर गोळ्या होत्याच.

त्याच चिखलांत मलायांतील रबराच्या मळ्यांवरून नेलेले तामीळ मजूर, तसेच ब्रह्मी व मलायी मजूरही राबत होते. त्यांचे मृत्यु युद्धकैद्यांच्या कितीतरी पट होते. जे वांचले, ते पुन्हां मळ्यांवर किंवा आपल्या गांवीं गेले. ते शिपाई नव्हते. लिव्हरपूलच्या त्या २,०७२ जणांत त्यांच्यापैकीं कोणी नव्हतें.