कमान : धनुष्याची आणि गाडीची

वेरूळच्या पंधराव्या लेण्यांत, म्हणजे दशावतार लेण्यांत, त्रिपुरांतक शिवाचें शिल्प आहे. पृथ्वीचा रथ, सूर्यचंद्रांचीं चाकें आणि ब्रह्मदेव सारथी ही पुराणकथा वाचकांच्या परिचयाची आहेच. रथारूढ शिवाच्या हातीं धनुष्य आहे. परंतु त्या रथाखालीं धक्के सोसणारी कमान दिसत नाहीं. ‘कमान’ हा शब्द फारशीचा असून त्याचा मूळ अर्थ धनुष्य असाच आहे. हातांतलें हें धनुष्य गाडीखालीं कसें गेलें, आणि तेथें गेल्यावर गृहस्थाच्या हातास त्यानें कोणतें काम लाविलें, ह्याचा थोडा विचार येथें करूं.

दोहोंचें तत्त्व एकच. वांकविलेली वस्तु पूर्वस्थितीस येऊं पाहते, आणि भार वाढेल त्या प्रमाणांत वांक वाढतो. हा नियम रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं विशद केला. गाड्यांस पोलादी पट्ट्या पूर्वींही लावीत. परंतु १८०४ सालीं ऑबडाया इलियट ह्या इंग्रज कारागिरानें दुहेरी कमानीचें पेटंट घेतलें. त्यामुळें पुढचा व मागचा आंस जोडणारा जड दांडा अनावश्यक होऊन गाडी हलकी झाली. पुढें पट्ट्यांच्या कमानी आपल्याकडील टांग्यांखालीं आल्या, आणि टांग्याचा हा वारसा मोटारीनें उचलला.

आपल्या कारागिरांनीं तिला ‘कमानपाटा’ हें नांव दिलें. लहानमोठे पाटे एकावर एक रचलेले; एखादा तुटला तर तेवढाच बदलावा, कमान बसली तर लोहारानें पुन्हा वांक द्यावा. दोष डोळ्यांस दिसे व उपाय गांवांत मिळे. ह्याच्या उलट गुंडाळीची स्प्रिंग. तिचें इंग्रजी पेटंट १७६३ चें असलें, तरी मोटारींत तिचा प्रसार विसाव्या शतकांत झाला. ती तुटली तर सबंध बदलावी लागते.

वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीच्या पद्मिनी मोटारींत हीं दोन्हीं युगें एकत्र नांदत होतीं : पुढें गुंडाळी, मागें पाटे. मागचे पाटे अनेक घरांच्या अंगणांत बदलले गेले असतील. गाडी उचलून तिच्या सांगाड्यास भक्कम टेकू द्यावा, आंसास जॅकचा आधार ठेवावा, चाक काढावें, मग यू-बोल्ट सोडावे. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखालीं मात्र कदापि शिरूं नये. दोन्ही बाजूंचे पाटे बरोबरच बदलावे, नाहींतर गाडी एका अंगास कलते.

पुढच्या गुंडाळीची गोष्ट निराळी. ती बसविलेली असतांनाच दाबलेली असते, म्हणजे चढविलेल्या धनुष्यासारखी. विशिष्ट साधनानें आंवळून धरल्यावांचून ती मोकळी केली, तर सुटणारा जोर प्राणावर बेततो. आजच्या बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांस अशीच गुंडाळी असते. म्हणून हें काम घरांतून कारखान्यांत गेलें.

ह्यावरून नव्या पिढीचे हात दुबळे झाले, असा निष्कर्ष काढणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. पाट्याची रचना गृहस्थास जवळ येऊं देत होती, गुंडाळीची तितकी देत नाहीं. जें हातून होईल तें अवश्य घरीं करावें. पण धनुष्य चढविलेलें आहे कीं उतरविलेलें, हें ओळखूनच त्यास हात घालावा.