बखर, शकावली आणि पक्ष्यांची यादी : दिल्ली परिसरातील एका नोंदपरंपरेचा इतिहास

साहित्याच्या अभ्यासात ‘यादी’ या लेखनप्रकाराला सहसा स्थान मिळत नाही. यादीत कथानक नसते, निवेदक जवळजवळ अदृश्य असतो आणि शैली म्हणावी असे काही हाती लागत नाही. मराठी इतिहाससंशोधनाला मात्र यादीचे मोल पूर्वीपासून ठाऊक आहे. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली, तेव्हा तिथी आणि घटना एवढेच सांगणाऱ्या तिच्या त्रोटक नोंदींनी बखरींच्या रसाळ कथनापुढे नवे प्रश्न उभे केले. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या वादाला वेगळे वळण मिळाले तेही अशाच एका नोंदीमुळे. बखरकार घटनेचा अर्थ आधी ठरवतो आणि मग ती सांगतो. शकावली लिहिणाऱ्याला पुढे काय महत्त्वाचे ठरणार याची कल्पना नसते, आणि हे अज्ञानच त्याच्या नोंदीला पुराव्याचे बळ देते. स्थानिक पक्षिनिरीक्षकांच्या वह्यांतील याद्या याच न्यायाने वाचता येतात काय, याचा विचार प्रस्तुत निबंधात दिल्ली परिसराच्या संदर्भात केला आहे.

एकोणिसाव्या शतकात पक्ष्याची नोंद म्हणजे मारलेला पक्षी. पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७२ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक सुरू केले आणि उपखंडभर विखुरलेल्या अधिकाऱ्यांकडून माहिती व नमुने जमवले. १८८५ मध्ये त्यांनी ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या संग्रहात जतन केलेली कातडी आणि अंडी मिळून सुमारे ८२,००० नमुने होते. त्याच सुमारास त्यांच्या सिमल्याच्या घरातील हस्तलिखिते रद्दीच्या भावाने विकली गेली आणि ह्यूम या विषयापासून दूर झाले. नमुने संग्रहालयात सुरक्षित राहिले. अनेक वर्षांच्या टिपणांचा कागद मात्र बाजारात गेला. त्या काळी वस्तूला जे प्रामाण्य होते ते लिहिलेल्या शब्दाला नव्हते, याचे हे एक बोलके उदाहरण म्हणता येईल.

१८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. दिल्लीच्या पक्ष्यांची महत्त्वाची आरंभीची नोंद याच संस्थेच्या नियतकालिकात, १९२६ मध्ये, बॅसिल-एडवर्ड्‌स यांच्या लेखाने आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दिल्लीत असलेले लष्करी अधिकारी हटसन यांनी सप्टेंबर १९४३ ते मे १९४५ या अवधीत सातत्याने निरीक्षणे केली. १९५० मध्ये होरेस अलेक्झांडर आणि लेफ्टनंट जनरल हॅरॉल्ड विल्यम्स यांच्या पुढाकाराने दिल्ली बर्डवॉचिंग सोसायटी स्थापन झाली आणि हटसन यांची नोंद तिने १९५४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. अलेक्झांडर हे क्वेकर पंथाचे आणि गांधीजींचे स्नेही. ऑगस्ट १९४७ मध्ये कलकत्त्यात ते गांधीजींच्या सान्निध्यात होते. बंदुकीऐवजी दुर्बीण हाती घेऊन, जिवंत पक्षी पाहून केलेली नोंद ग्राह्य मानण्याची इंग्लंडमधील रीत त्यांच्यासारख्यांनी येथे आणली. इंदिरा गांधी याही या मंडळाच्या सदस्य होत्या.

बंदूक बाजूला पडल्यावर साक्षीचा प्रश्न उभा राहिला. मारलेला पक्षी कोणालाही तपासता येतो. ‘मी पाहिला’ हे विधान कसे तपासणार? सामूहिक भ्रमंती हे या प्रश्नाचे व्यवहारातील उत्तर होते. रिज, यमुनाकाठ, ओखला, नजफगडची झील अशा ठिकाणी पहाटे जमणारा गट एकमेकांच्या नजरेची पारख करी. एकाने पाहिलेला पक्षी दुसऱ्याने पाहावा, शंका असल्यास नोंद गाळावी, हा अशा फेऱ्यांचा अलिखित दंडक असतो. वही व्यक्तीची राहते, पण तिच्यामागील साक्ष सामूहिक होते. महजरावर अनेकांची साक्ष घालण्याच्या जुन्या रीतीशी याचे नाते जुळते.

या साक्षींवर उभा राहिलेला मोठा ग्रंथ म्हणजे उषा गांगुली यांचे दिल्ली परिसरातील पक्ष्यांवरील मार्गदर्शक पुस्तक. ते त्यांच्या निधनानंतर १९७५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केले. त्यात सुमारे चारशे जातींची नोंद आहे. १९२६, १९४३-४५ आणि १९७५ असे हे थर एकावर एक ठेवले की राजधानीच्या विस्ताराचा इतिहास दिसू लागतो. नजफगडची विस्तीर्ण झील १९६० च्या दशकात नाला रुंदावून बव्हंशी आटवली गेली. तेथील पाणपक्ष्यांच्या जुन्या नोंदी आज नाहीशा झालेल्या पाणथळ भूमीचा दस्तऐवज ठरतात. जवळच्या सुलतानपूरला १९७१ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्यामागेही पीटर जॅक्सन या पक्षिनिरीक्षकाने इंदिरा गांधींना लिहिलेले पत्र होते.

या परंपरेची मर्यादा गिधाडांच्या बाबतीत उघड झाली. वैयक्तिक यादीची ओढ दुर्मीळाकडे असते. नवा पक्षी दिसला की यादी वाढते; शंभराव्यांदा दिसलेली घार किंवा गिधाड तिच्यात भर घालत नाही. व्ही. एम. गालुशिन या रशियन संशोधकाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिल्ली शहरात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या सुमारे ४०० जोड्या असल्याचा अंदाज दिला. त्याच सुमारास, १९७० मध्ये, विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ रंगभूमीवर आले. प्रतीक म्हणून गिधाड तेव्हा सर्वांना परिचित होते, कारण पक्षी म्हणून ते सर्वत्र होते. पुढे १९९२ ते २००७ या काळात भारतात या जातीची संख्या सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मृत जनावरांवाटे गिधाडांच्या शरीरात जाते, हे कारण उपखंडातील संशोधनातून २००४ मध्ये जगासमोर आले आणि २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. ही घट प्रथम सिद्ध झाली ती भरतपूरच्या केवलादेव उद्यानात, कारण तेथे विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात, गिधाडे मुबलक असतानाच, त्यांची मोजणी करून ठेवली होती. जे सर्वत्र आहे तेही लिहून ठेवणारा कोणी होता, म्हणूनच हानी मोजता आली.

याउलट उदाहरण चिमणीचे आहे. चिमण्या नाहीशा होत असल्याची हळहळ गेली अनेक वर्षे लेखांतून, कवितांतून आणि भाषणांतून व्यक्त होत आली. दिल्लीने २०१२ मध्ये तिला राज्यपक्षी घोषित केले. सामान्य निरीक्षकांच्या याद्यांवर आधारलेल्या २०२० च्या देशव्यापी अहवालाने मात्र दाखवले, की मोठ्या महानगरांत तिची संख्या घटली असली तरी देशभरात गेल्या पंचवीस वर्षांत ती एकंदरीत स्थिर आहे. येथे लोककथनाची जागा बखरीची आणि यादीची जागा शकावलीची. कथनामागील वेदना खोटी नव्हती. ती शहरवासीयाची होती आणि त्याने आपल्या अंगणावरून देशाचे अनुमान केले होते.

२०२३ च्या अहवालामागे सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदी होत्या. अशा विश्लेषणात ‘पूर्ण यादी’ला विशेष महत्त्व दिले जाते: एका फेरीत ओळखता आलेली प्रत्येक जात, कावळ्या-कबुतरांसह, लिहायची. सारे लिहिले असेल तरच न लिहिलेल्याला अर्थ येतो. एरवी रिकामी जागा म्हणजे पक्ष्याचा अभाव की लिहिणाऱ्याचा आळस, हे कळण्यास मार्ग उरत नाही.

तुलनात्मक अभ्यासासाठी यातून एक भाषिक प्रश्नही उद्भवतो. मराठीतील ‘गिधाड’ हा एकच शब्द व्यवहारात पांढऱ्या पाठीच्या, लांब चोचीच्या आणि राजगिधाडासारख्या भिन्न जातींना सामावून घेतो. साहित्याला तेवढे पुरते, यादीला पुरत नाही. त्यामुळे मराठी, हिंदी वा बंगाली बोलणारा निरीक्षकही वही बहुधा इंग्रजी नावांनीच भरत आला. मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोश’सारख्या ग्रंथाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते: नाव असेल तर नोंद त्या भाषेत होईल, आणि नोंद झाली तर त्या भाषेच्या स्मृतीत पक्षी जातिनिशी राहील. तेंडुलकरांच्या नाटकाचे शीर्षक आजच्या तरुण वाचकाला कळते, पण डोक्यावर घिरट्या घालणारे ते गिधाड त्याने बहुधा पाहिलेले नसते. शब्द आणि पक्षी यांच्यामधले हे अंतर केव्हा आणि किती वाढले, हे सांगण्याची सोय साहित्यात नाही. त्यासाठी त्या रूक्ष वह्यांकडेच जावे लागते.