पोतदाराची नजर

लक्ष्मीपूजनाच्या ताटात जुना चांदीचा रुपया ठेवण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. हा रुपया खरा कशावरून, असे मी कधी कधी वर्गात विचारतो. कोणी म्हणतो, राणीचे चित्र आहे म्हणून. कोणी म्हणतो, आजोबांनी जपून ठेवला म्हणून. वाजवून पाहू, असे म्हणणारे पोर क्वचितच भेटते. आणि गंमत पाहा, ‘खणखणीत’ हा शब्द मात्र साऱ्या पोरांच्या तोंडी असतो!

आपली भाषा सराफकट्ट्यावर बरीच वावरलेली आहे. बट्टा म्हणजे झिजल्या किंवा परक्या नाण्याच्या किमतीतून कापून घेतलेली रक्कम. ती आपण सरळ माणसाच्या नावाला लावली. माणूस हिणकस निघतो, त्याचा कस लागतो, आणि पोटचा पोर वाईट निघाला की बाप म्हणतो, आपलेच नाणे खोटे. नाणावटी, सराफ, पोतदार ही आडनावे त्याच धंद्यातली. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी नाण्यांऐवजी जुन्या कागदांची पारख केली. आडनाव वाया गेले नाही म्हणायचे.

धंदा फार जुना. कौटिल्याने अर्थशास्त्रात ‘रूपदर्शक’ नावाचा अधिकारी सांगितला आहे. कोणते नाणे व्यवहारात चालावे आणि कोणते राजाच्या कोशात घ्यावे, हे त्याने ठरवायचे. पारखण्याची वेगळी पट्टीही होती, शेकडा एक अष्टमांश. पण मला त्याहून आवडते ती बौद्धांच्या विनयपिटकातली हकीगत. राजगृहात उपाली नावाचा मुलगा होता. याला कोणत्या धंद्याला लावावे, म्हणून आईबाप विचारात पडले. लेखनाला लावावे तर बोटे दुखतील, हिशेबाला लावावे तर छाती दुखेल, आणि नाणी पारखायला बसवावे तर डोळे दुखतील! दिवाळीच्या सुटीत पेपरांचे गठ्ठे तपासणाऱ्या मास्तराला त्या आईबापांची काळजी पुरती कळते.

महाराष्ट्रात हे काम पोतदाराकडे असे. शब्द मूळ फारशी, खजिनदार या अर्थाचा. गावात बहुधा सोनारच हे काम पाही. आणि काम सोपे नव्हते. मराठेशाहीत एकाच बाजारात किती तऱ्हेचे रुपये फिरत! अंकुशाची खूण असलेला अंकुशी, चांदवडच्या टाकसाळीतला चांदवडी, बागलकोटचा मल्हारशाही, खाली दक्षिणेतला अर्काटी, वर सुरतेचा सुरती. टाकसाळ मराठ्यांची, पण रुपयावर नाव बहुधा दिल्लीच्या बादशहाचे! प्रत्येकाची चांदी वेगळी, वजन वेगळे, भाव वेगळा.

पोतदार नाणे आधी हातात तोली. मग दगडावर टाकून नाद ऐकी. आत शिसे भरलेले असेल तर आवाज बसका येई. कड कानशीने घासली आहे का, ते बोट फिरवून पाही. संशय आला तर कसोटीवर रेघ ओढी, नाहीतर छिन्नीने लहानसा टवका काढी. पारखलेल्या नाण्यावर सराफ आपली बारीक खूण ठोकीत. जुन्या रुपयांवर अशा चारचार खुणा दिसतात. त्या मारणाऱ्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत.

आता त्या रुपयाच्या दुसऱ्या टोकाला कोण उभा असे, तेही पाहिले पाहिजे. सारा भरायला आलेला कुणबी! वर्षाच्या घामाचे दहा रुपये त्याने समोर ओतले, आणि पोतदार म्हणाला, यातल्या तिघांना बट्टा. कुणब्याला ना बादशहाचे नाव वाचता येत होते, ना कस कळत होता. पोतदार सचोटीचा असला तर ठीक. नसला तर दाद कोणाकडे मागायची? बंगालात तर नवा रुपया दुसऱ्या वर्षीच जुना ठरे आणि चांदी तेवढीच असली तरी बट्टा लागे. हा घोळ थांबवायला कंपनी सरकारने युक्ती काढली ती मोठी मजेची: वर्षे सरली तरी रुपयावर शाहआलमच्या कारकिर्दीचे १९ वे वर्षच छापत राहायचे!

१८३५ साली कंपनीने आपल्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला: वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. पोतदाराचे महत्त्व तिथून उतरत गेले. १९४० मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, रुपयात निम्मीच चांदी उरली, आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. त्याचा कस कोण कशाला पाहणार?

धंदा मात्र अमेरिकेत नव्या वेषात उभा राहिला. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी गुणांची पट्टी काढली. हाच गृहस्थ माणसांचेही शरीराच्या बांध्यावरून वर्ग पाडी. ते पुढे फारसे वटले नाही, नाण्यांचे वटले. १९८६ पासून तिथे मोठ्या संस्था निघाल्या. त्यांचे पगारी पारखी दिव्याखाली भिंग धरून नाणे पाहतात, गुण देतात आणि नाणे प्लॅस्टिकच्या डबीत कायमचे बंद करतात. उपालीचे डोळे इथेही दुखलेच असते. पण प्रश्न बदलला. पोतदार विचारी, चांदी किती उरली? हे विचारतात, नाण्याला हात किती कमी लागला?

आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मूळची व्हेनिसची. १२८४ पासून तिथे पडणाऱ्या जवळजवळ शुद्ध सोन्याच्या डुकाटावर गुडघे टेकलेला राज्यप्रमुख आणि संत मार्क असत. आपल्या लोकांना त्या बाहुल्या दिसल्या, म्हणून पुतळ्या. पुढे तशाच पुतळ्या इथल्या सोनारांनीही घडवल्या. माळेत ओवण्यासाठी त्यांना डाग देऊन कड्या जोडल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या गळ्यात त्या घासत राहिल्या. अशी अस्सल पुतळी जरी त्या अमेरिकन पारख्यापुढे ठेवली, तरी कडी पाहून तो तिला गुण देणार नाही. खरी आहे, पण बिघडलेली आहे, एवढा शेरा मात्र लिहील.