जट आणि जटा

दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीचा, आपाचा, फोन आला. ‘तुझा भाचा डोक्यावर जट घेऊन घरी आलाय. ये आणि त्याला चार शब्द समजावून सांग.’ भाचा पुण्यात शिकतो. जाऊन पाहतो तर पोराच्या खांद्यावर सुंभासारख्या वळलेल्या बटा रुळताहेत. ‘मामू, ही फॅशन आहे. याला ड्रेडलॉक्स म्हणतात,’ तो म्हणाला. ‘आम्ही याला जट म्हणतो,’ आपा आतून म्हणाली.

जट म्हटलं की आपाच्या आणि माझ्या डोळ्यांपुढे एकच चेहरा येतो. आमचं बालपण मिरजेचं. गल्लीच्या टोकाला एक बाई राहायची. तिच्या केसांत गुंता झाला, तो सुटेना. कुणीतरी म्हणालं, यल्लम्मानं बोलावलंय, आता कंगवा लावायचा नाही. गुंत्याला हळदकुंकू लागलं, त्यावर तेल ओतलं गेलं. काही वर्षांत मानेवर ओझं झालं. मान एका अंगाला कलली ती कललीच. कात्री लावली तर देवीचा कोप होईल, या धाकानं ती तशीच जगली. जट आली म्हणून कित्येक मुली सौंदत्तीला नेऊन देवीला सोडल्या गेल्या. त्यांचं पुढे काय झालं, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

त्याच मिरजेत मीरासाहेबांच्या उरुसाला फकीर यायचे. त्यांतल्या काहींच्या डोक्यावरही जटा असत. पण त्या त्यांनी स्वतःहून वाढवलेल्या. लोक त्यांच्यापुढे अदबीनं झुकत. तेच केस, तोच गुंता. एकाला मान, दुसरीला शिक्षा. हे कोडं मला लहानपणापासून छळत आलंय. ते थोडंफार उलगडलं, ते हजारो मैलांवरच्या जमैका बेटाच्या इतिहासात.

भाच्याच्या फॅशनचं मूळ तिथे आहे. उसाच्या मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून गुलाम आणून इंग्रजांनी ही वसाहत उभी केली. गुलामी संपल्यावर मजूर कमी पडू लागले, तेव्हा 1845 साली ‘ब्लंडेल’ नावाच्या जहाजातून पहिले भारतीय गिरमिटिये तिथे उतरले. 1917 पर्यंत सुमारे छत्तीस हजार लोक गेले, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्यांच्याबरोबर गांजा गेला, चिलीम गेली. जमैकातला माणूस आजही ‘गांजा’ हाच शब्द वापरतो. जटाही याच लोकांकडून तिथे गेल्या, असं काही अभ्यासक मानतात. काहींना त्या केनियातल्या माऊ माऊ बंडखोरांची आठवण करून देतात.

2 नोव्हेंबर 1930 रोजी इथिओपियात रास तफारी यांचा राज्याभिषेक झाला आणि ते सम्राट हेले सेलासी झाले. जमैकातल्या गोरगरीब काळ्या माणसांना वाटलं, हाच आपला तारणहार. राजा इंग्लंडमध्ये नाही, आफ्रिकेत आहे, असं उघड सांगणाऱ्या लिओनार्ड हॉवेलला 1934 साली राजद्रोहाखाली तुरुंगात टाकलं गेलं. पुढे 1940 मध्ये त्यानं डोंगरात ‘पिनॅकल’ नावाची वसाहत वसवली. 1954 साली पोलिसांनी मोठा छापा घालून ती उद्ध्वस्त केली. हाच रास्ताफारी पंथ. गंमत म्हणजे खुद्द हॉवेलनं कधी जटा ठेवल्या नाहीत. सम्राटानंही नाही.

मग जटा आल्या कुठून? बॅरी शेव्हान्स या जमैकन समाजशास्त्रज्ञानं जुन्या रास्तांना भेटून हा इतिहास गोळा केला. 1940 च्या दशकाच्या अखेरीस किंग्स्टनच्या झोपडपट्टीतल्या तरुण रास्तांमध्ये चक्क कंगव्यावरून वाद पेटला. केस विंचरायचे की नाही? विंचरणारे एका बाजूला, जटावाले दुसऱ्या बाजूला, असे दोन तट पडले. हसू येतं, पण वाद हसण्याजारखा नव्हता. केस विंचरलेला माणूस सभ्य, न विंचरलेला वेडा किंवा वाया गेलेला, ही त्या समाजाची मोजपट्टी होती. गोऱ्या मालकाच्या केसासारखा केस तो ‘चांगला केस’. काळ्या माणसाचा घट्ट कुरळा केस जन्मतःच नापास. तेव्हा हे तरुण म्हणाले, तुमची परीक्षाच आम्हाला मान्य नाही. आधाराला त्यांच्याकडे बायबल होतं. ‘गणना’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात व्रतस्थ नाजीरानं डोक्याला वस्तरा लावू नये, असा नियम आहे. ‘ड्रेड’ म्हणजे धाक, दरारा. ज्या केसांना लोक भ्यायचे, त्यांचं नाव त्यांनी अभिमानानं मिरवलं.

या जटा म्हणजे आळस नव्हे. घट्ट कुरळ्या केसांना कंगवा लागला नाही की ते आपसूक एकमेकांत गुंततात. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात. ते बाहेर न पडता बटेतच अडकतात आणि बट जाड होत जाते. ती धुवावी लागते. रास्ता लोक त्यासाठी कोरफडीचा गर वापरतात. धुतल्यावर पिळून उन्हात पार आतपर्यंत वाळवायची, नाहीतर ओल राहून कुबट वास येतो, बुरशी धरते. मुळाशी बोटं घालून बटा सुट्या ठेवायच्या, नाहीतर त्यांचा एकच गठ्ठा होतो. आमच्या गल्लीतल्या बाईच्या डोक्यावर नेमकं तेच झालं होतं. पाण्याची आणि बोटांची तिला मनाई होती. जटांबरोबर रास्तांचं जेवणही वेगळं. त्याला ते ‘आयटल’ म्हणतात. डुकराचं मांस नाही, कडक पाळणाऱ्यांत कुठलंच मांस नाही, मीठही नाही. भाज्या, कंद, नारळाचं दूध. अंगात जाईल ते मातीतून सरळ आलेलं असावं, हा आग्रह.

या केसांची किंमत त्यांनी मोजली. 1962 मध्ये जमैका स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी, 11 एप्रिल 1963 रोजी, माँटेगो बेजवळच्या कोरल गार्डन्स इथे काही रास्तांनी एक पेट्रोल पंप जाळला. त्या दिवशीच्या हिंसाचारात दोन पोलिसांसह आठ माणसं मेली. मग सरकारनं सगळ्याच रास्तांवर वरवंटा फिरवला. गुन्ह्याशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता, त्यांनाही पकडून मारलं, कोठडीत डांबलं आणि त्यांच्या जटा जबरदस्तीनं कापल्या. हे आता गोऱ्या साहेबाचं राज्य नव्हतं, स्वतःचं होतं. पंतप्रधान अँड्र्यू होलनेस यांनी संसदेत त्याबद्दल माफी मागितली, ती एप्रिल 2017 मध्ये, चोपन्न वर्षांनी.

मधल्या काळात बॉब मार्लेनं रेगे संगीताबरोबर या जटा जगभर नेल्या. 1981 मध्ये तो गेला, पण त्याचं चित्र आपल्याकडे गोव्याच्या किनाऱ्यावरच्या टी-शर्टांवर अजून दिसतं. तरी 2018 साली जमैकातल्याच एका शाळेनं पाच वर्षांच्या मुलीला सांगितलं, स्वच्छतेसाठी बटा काप, तरच ये. 2020 मध्ये न्यायालयाचा निकाल तिच्या विरुद्ध गेला. अपील न्यायालयानं तो फिरवला, तेव्हा 2024 साल उजाडलं होतं.

हे सगळं मी त्या दुपारी भाच्याला सांगत होतो. आपाही येऊन बसली. तिची काळजी वेगळी होती. गुस्ल करताना पाणी केसांच्या मुळाशी पोहोचायला हवं, ते या बटांतून पोहोचेल का? मी म्हटलं, नीट सांभाळल्या तर पोहोचेल.

मला मात्र एकच विचारायचं होतं. ‘उद्या तुला वाटलं, तर तू या कापू शकशील?’

‘म्हणजे काय मामू? माझंच तर डोकं आहे.’

इतक्या सहज तो हे बोलला. कोरल गार्डन्सनंतर धरपकड झालेल्या रास्तांना जटा ठेवण्याची मुभा नव्हती. आमच्या गल्लीतल्या बाईला त्या कापण्याची नव्हती. एकीकडे सरकारची कात्री, दुसरीकडे देवीचा धाक. दोन्हीकडे डोकं एकाचं आणि हुकूम दुसऱ्याचा. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी बायकांच्या दारी जाऊन, समजूत घालून, त्यांच्या होकारानंच जट सोडवली. तो होकार मला कात्रीपेक्षा मोठा वाटतो. आमच्या बाईपर्यंत तसं कुणी पोहोचलं नाही. ती जटेसकट मातीत गेली.

आपा बराच वेळ गप्प होती. मग उठली आणि लेकाच्या बटांमध्ये बोटं घालून मुळं चाचपू लागली.

‘आत ओलंच आहे अजून,’ ती म्हणाली. ‘जा, गच्चीवर उन्हात बस.’