घनसेंटिमीटर ते किलोवॅट: विजेच्या मोटारीचा विमा आणि जुन्या मोजमापांचा इतिहास

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे नोंदल्या जाणाऱ्या मोटारीच्या क्रमांकाची सुरुवात ‘टीएन 68’ अशी होते. तेथील परिवहन कार्यालयात एकाच दिवशी दोन नव्या टाटा नेक्सॉन नोंदणीसाठी उभ्या आहेत, अशी कल्पना करता येईल. दोन्ही पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यातून आलेल्या, दोघींचा बाह्य आकार जवळजवळ सारखा. मात्र एक पेट्रोलवर चालणारी, दुसरी विजेवर. केंद्र सरकारच्या 2022 च्या अधिसूचनेतील दरांप्रमाणे पहिल्या तीन वर्षांच्या सक्तीच्या तृतीय पक्ष विम्यासाठी पेट्रोल मोटारीचा मालक 10,640 रुपये भरेल, विजेच्या मोटारीचा मालक 20,907 रुपये. कर वेगळा.

याच अधिसूचनेत विजेच्या मोटारींना 15 टक्के सवलत दिलेली आहे. सवलत मिळूनही हप्ता जवळजवळ दुप्पट कसा होतो, याचे उत्तर शोधण्यासाठी मोटार विम्याच्या इतिहासात मागे जावे लागते.

भारतात मोटार विमा सक्तीचा झाला तो 1939 च्या मोटार वाहन कायद्याने. त्यातील विम्याच्या तरतुदी प्रत्यक्षात 1 जुलै 1946 पासून लागू झाल्या. या सक्तीमागचा विचार मोटारीच्या मालकासाठी नव्हता, रस्त्यावरच्या माणसासाठी होता. मोटारीखाली सापडलेल्या पादचाऱ्याला वा त्याच्या कुटुंबाला भरपाई मिळण्यासाठी मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहावे लागू नये, एवढाच तिचा हेतू. 1988 च्या नव्या कायद्याने हे तत्त्व कायम ठेवले. पुढे कोइम्बतूरच्या एका अस्थिशल्यविशारदांच्या जनहित याचिकेतून सर्वोच्च न्यायालयासमोर रस्तेसुरक्षेचा प्रश्न गेला आणि 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीसाठी हा विमा एकदम तीन वर्षांचा घेणे बंधनकारक झाले.

या विम्याचा दर ठरवताना एक सोपे मोजमाप वापरात आले: इंजिनाच्या सिलिंडरांचे घनफळ, अर्थात घनसेंटिमीटर किंवा सीसी. त्यावरून तीन गट पडले: 1,000 सीसीपर्यंत, 1,000 ते 1,500 सीसी आणि त्याहून अधिक. मोठ्या घनफळाचे इंजिन म्हणजे सामान्यतः जड आणि वेगवान गाडी, आणि तिच्या धडकेत होणारी हानीही मोठी, असा त्यामागचा ठोकताळा होता. शिवाय हा आकडा नोंदणीच्या कागदावर छापलेलाच असे.

विजेच्या मोटारीला सिलिंडरच नसतो. त्यामुळे 2019 मध्ये विमा नियामकाने तिच्यासाठी किलोवॅटचे गट आखले: 30 पर्यंत, 30 ते 65 आणि 65 च्या वर. प्रत्येक गटाचा दर सीसीच्या समकक्ष गटापेक्षा 15 टक्क्यांनी कमी ठेवण्यात आला. 2022 मध्येही तीच रचना राहिली. वार्षिक दर पाहिले तर ती स्पष्ट होते: पेट्रोल मोटारींसाठी 2,094, 3,416 आणि 7,897 रुपये, विजेच्या मोटारींसाठी 1,780, 2,904 आणि 6,712 रुपये.

खरी गोम गटांच्या या जोड्यांत आहे. सीसी हे घनफळाचे माप आहे, किलोवॅट हे शक्तीचे. त्यांच्यात निश्चित गुणोत्तर नाही. टर्बोचार्जर जोडला की लहान इंजिनातूनही मोठी शक्ती मिळते. 2020 च्या नेक्सॉनचे पेट्रोल इंजिन 1,199 सीसीचे आहे, म्हणून ती मधल्या गटात बसते. पण त्या इंजिनाची कमाल शक्ती सुमारे 88 किलोवॅट आहे. त्याच वर्षी बाजारात आलेल्या विजेच्या नेक्सॉनची मोटर 95 किलोवॅटची. तिचा गट सर्वांत वरचा. पेट्रोलच्या नेक्सॉनलाही किलोवॅटचीच पट्टी लावली असती, तर तीही वरच्याच गटात गेली असती. उलट 55 किलोवॅटची टियागो विजेवर घेणाऱ्याला सवलतीचा खरा लाभ मिळतो: 3,416 ऐवजी 2,904 रुपये, म्हणजे वर्षाला 512 रुपयांची बचत. एकच सवलत एका मोटारीला स्वस्ताई देते, दुसरीला देत नाही. आणि हा भेद अपघातांच्या नोंदींतून आलेला नाही, तो मोजपट्टी बदलल्यामुळे आला आहे.

विम्याचा दुसरा भाग मालकाच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक असला तरी खर्चाचा मोठा वाटा त्याचाच असतो. 1 जुलै 2002 पासून देशभर लागू झालेल्या मोटार दरपत्रकात यासाठी भारताचे दोन विभाग केले होते. मुंबई, पुणे, चेन्नई, बंगळूर अशी आठ शहरे ‘अ’ विभागात, उरलेला सगळा देश ‘ब’ विभागात. कुंभकोणम अर्थातच ‘ब’ विभागात. 1,000 ते 1,500 सीसीच्या नव्या मोटारीसाठी ‘अ’ विभागात गाडीच्या विमामूल्याच्या 3.283 टक्के, तर ‘ब’ विभागात 3.191 टक्के असा दर होता. दहा लाखांच्या गाडीमागे कुंभकोणमच्या मालकाला चेन्नईपेक्षा 920 रुपये कमी पडत.

पण हप्ता गाडीच्या किमतीवर मोजला जात असल्याने महाग गाडीचा विमाही महाग, हे ओघानेच आले. विजेची मोटार समान आकाराच्या पेट्रोल मोटारीपेक्षा चार लाखांनी महाग आहे असे धरले आणि केवळ अंदाजासाठी दोन्हींना 3.191 टक्के हाच दर लावला, तर हप्त्यात वर्षाला 12,764 रुपयांचा फरक पडतो. तृतीय पक्ष विम्यातील 512 रुपयांची बचत त्यापुढे नगण्य ठरते.

त्याच दरपत्रकात घसाऱ्याचा एक नियम होता. रबर, नायलॉन व प्लास्टिकचे भाग, टायर, ट्यूब, एअरबॅग आणि बॅटरी यांची भरपाई देताना गाडीचे वय न पाहता 50 टक्के रक्कम कापावी. 2002 मध्ये हा नियम अन्यायाचा नव्हता. पेट्रोल मोटारीतील बॅटरी म्हणजे काही वर्षांत बदलावा लागणारा शिशाचा डबा. बंगळूरची रेवा ही विजेची मोटार 2001 मध्ये रस्त्यावर आली होती, पण तिच्यातही शिशाच्याच बॅटऱ्या होत्या आणि त्याही लवकर झिजत. 2020 च्या विजेच्या नेक्सॉनमध्ये मात्र 30.2 किलोवॅट-तासांचा लिथियम-आयन संच होता. उत्पादकाने त्याला आठ वर्षांची हमी दिली होती आणि गाडीच्या किमतीतला सर्वांत मोठा हिस्सा त्याचाच होता. जुना नियम शब्दशः लावला, तर पाच लाखांच्या संचाच्या नुकसानीत अडीच लाख रुपये मालकाच्या खिशातून जातील. ही कपात टाळण्यासाठी घसारामुक्तीचे जोडसंरक्षण घ्यावे लागते, आणि त्याचा हप्ता वेगळा. ‘यांत्रिक किंवा विद्युत बिघाड’ भरपाईतून वगळणारे कलमही असेच जुन्या गाडीला समोर ठेवून लिहिलेले. विजेच्या मोटारीत तर चालणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट विद्युतच असते.

1 जानेवारी 2007 पासून स्वतःच्या नुकसानीचे दर खुले झाले आणि कंपन्यांना आपापल्या अनुभवावरून हप्ता ठरवण्याची मुभा मिळाली. अडचण त्या ‘अनुभवा’चीच आहे. याकोब बर्नुली यांच्या 1713 मध्ये, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मोठ्या संख्यांचा नियम सिद्ध केलेला आहे: निरीक्षणे जितकी अधिक, तितकी त्यांची सरासरी खऱ्या संभाव्यतेच्या जवळ. साऱ्या विमाशास्त्राचा पाया हाच. त्याच ग्रंथात बर्नुली संख्याही येतात, आणि कुंभकोणमच्या सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावरील लहानशा घरात वाढलेल्या श्रीनिवास रामानुजन यांचा 1911 मधील पहिला शोधनिबंध याच संख्यांच्या गुणधर्मांवर होता.

पेट्रोल मोटारींच्या बाबतीत विमा कंपन्यांकडे अनेक दशकांच्या दाव्यांच्या नोंदी आहेत. विजेच्या मोटारी मोठ्या संख्येने रस्त्यावर येऊन मात्र थोडीच वर्षे झाली आहेत. खालून घासलेला बॅटरी संच दुरुस्त होईल की पूर्ण बदलावा लागेल? कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या दरम्यान वसलेल्या कुंभकोणमसारख्या गावात पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी पुढे किती काळ सुरक्षित राहील? अशा प्रश्नांना पुरेशी निरीक्षणे मिळेपर्यंत कंपन्या अनिश्चिततेचीही किंमत हप्त्यात धरतात.

या गुंत्यातून बाहेर पडण्याचा एक मार्ग चीनने डिसेंबर 2021 मध्ये अवलंबला. तेथील विमा संघटनेने विजेच्या वाहनांसाठी स्वतंत्र विमाकलमे काढून बॅटरी, मोटर आणि विद्युत नियंत्रण यांचा संरक्षणात स्पष्ट उल्लेख केला. हप्ता त्याने आपोआप कमी होत नाही. पण ग्राहक कशासाठी पैसे भरतो आहे, हे निदान कागदावर नेमके उमटते.

कुंभकोणमच्या कार्यालयासमोर उभ्या असलेल्या त्या दोन मोटारींपैकी कोणती रस्त्यावरच्या माणसाला अधिक धोक्याची, याचे उत्तर आजच्या दरांत सापडत नाही. दोघींची शक्ती जवळजवळ सारखी आहे. गाडीचे वजन, तिची प्रत्यक्ष धाव आणि दाव्यांच्या नोंदी यांवरून दर ठरू लागले, तर तिथल्या मालकाला आपल्या पावतीवरील 20,907 या आकड्याचे कारण विचारता येईल आणि त्याचे उत्तर मिळण्याची अपेक्षाही ठेवता येईल.