आधी वजन की आधी गुडघेदुखी?

"डॉक्टर, गुडघे दुखतात म्हणून चालणं बंद झालं आणि चालणं बंद झालं म्हणून वजन वाढलं," असं पुष्कळ रुग्ण सांगतात. तुम्हालाही असंच वाटतं का? वजन आधी वाढतं की गुडघा आधी झिजतो, हा प्रश्न एकेकाळी डॉक्टरांनाही पडलेला होता.

याचं उत्तर एका हृदयरोगाच्या अभ्यासातून मिळालं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ साली हृदयविकाराची कारणं शोधण्यासाठी पाच हजारांहून अधिक लोकांची तपासणी सुरू झाली. त्यात त्यांची वजनंही नोंदवली गेली. सुमारे ३५ वर्षांनी त्यांच्यापैकी १,४२० जणांच्या गुडघ्यांचे एक्स-रे तपासले. तरुणपणी ज्या स्त्रिया सर्वांत जास्त वजनाच्या गटात होत्या, त्यांच्यात गुडघ्याच्या झिजेचा धोका जवळजवळ दुप्पट, तर पुरुषांत दीडपट निघाला. म्हणजे वजन आधी, झीज नंतर! हे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले.

मग वजन उतरवलं तर? १९९२ साली याच अभ्यासातून दिसलं की, ज्या स्त्रियांचं वजन दहा वर्षांत साधारण पाच किलोंनी कमी झालं, त्यांच्यात त्रासदायक झिजेचा धोका निम्म्याहूनही कमी झाला.

पण ज्यांचा गुडघा आधीच झिजला आहे, त्यांचं काय? वजन जास्त असलं की असा रुग्ण हळू चालतो, छोटी पावलं टाकतो. अमेरिकेतल्याच वेक फॉरेस्ट विद्यापीठात अशा रुग्णांची चाल मोजली गेली. २००५ साली प्रसिद्ध झालेला हिशेब लक्षात ठेवा: एक किलो वजन घटलं, की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पाच किलो घटले, तर दर पावलाला वीस किलो! दिवसभरात आपण किती पावलं टाकतो, त्याचा विचार करा.

त्याच रुग्णांच्या मूळ अभ्यासात, दीड वर्ष आहार आणि व्यायाम दोन्ही सांभाळणाऱ्यांच्या वेदना कमी झाल्या आणि सहा मिनिटांत ते जास्त अंतर चालू लागले. त्यांचं वजन सरासरी सहा टक्क्यांच्या आसपासच घटलं होतं.

तेव्हा "आता या वयात काय उपयोग?" असं म्हणू नका. त्या अभ्यासातले सगळे साठीच्या पुढचेच होते. तुमच्या गुडघ्याला झेपेल असा व्यायाम आणि आहार डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि पहिलं ध्येय पाच किलोंचंच ठेवा.